नातवाच्या शाळेतला फॉल : एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा शेरा

शाळा चांगली आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढची कुरकुर वाचून कुणाला वाटेल, बाई अमेरिकेत जाऊनही नाकं मुरडतायत. न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीतली ही सरकारी प्राथमिक शाळा, बालवर्गापासून पाचवीपर्यंत. नाव देत नाही. मी पाहुणी, आणि नातू आत्ता कुठे दुसरीत आहे, त्याला पुढची वर्षं तिथेच काढायची आहेत. मी स्वतः कराड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे शाळेच्या फाटकातून आत गेलं की माझी नजर आधी नोटीस बोर्डावर जाते आणि मग हिशोबावर.

शिकवण्याबद्दल मी इथे लिहीत नाही, ते फुकट आहे आणि उत्तम आहे. मी लिहितेय ते २०२४च्या फॉलमध्ये, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या पानगळीच्या दिवसांत, शाळेत झालेल्या कार्यक्रमांबद्दल. फोटो, धावण्याचा कार्यक्रम, पुस्तकांची जत्रा, भोपळे, सोंगं घ्यायचा सण हॅलोवीन. यातला जवळजवळ प्रत्येक कार्यक्रम पैसे गोळा करण्यासाठी असतो, आणि पैसे आईबापांच्या खिशातून जातात. म्हणजे गिऱ्हाईक म्हणून बोलायचा हक्क आहेच.

आधी बातमीपत्र. दर शुक्रवारी संध्याकाळी लेकीच्या फोनवर येतं. हापिसातून दमून आलेल्या माणसाने ते शेवटपर्यंत वाचावं अशी अपेक्षा असेल तर ती फोल आहे. मुख्याध्यापकांचं पत्र, जेवणाचा मेनू, ग्रंथालयाची सूचना, कोण कुठल्या स्पर्धेत चमकलं, हरवलेल्या जॅकेटांच्या ढिगाऱ्याचा फोटो, आणि मधेमधे पैसे भरायच्या लिंका. महत्त्वाची तारीख नेमकी तळाशी. मी लेकीला सांगितलं, तू राहू दे, मी वाचते. तेव्हापासून फ्रिजवर माझ्या अक्षरात यादी लागते आणि जावई तीच बघतात. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. कुणाच्या घरी आजारपण असलं तर डबे कोण पोचवणार, थंडीचे कोट कुठल्या खोक्यात टाकायचे, चौकात पोरांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाई कधी सुट्टीवर आहेत, हेही त्यात असतं. तेवढा भाग मी दर आठवड्याला आवडीने वाचला.

हे सगळं चालवतात ते शिक्षक नव्हेत, पालक. पीटीए म्हणतात त्याला, पालक-शिक्षक संघ. या संघटनेची राष्ट्रीय शाखा १८९७ सालची, वॉशिंग्टनला दोन बायकांनी सुरू केलेली, आणि तेव्हा तिचं नाव होतं मातांची राष्ट्रीय काँग्रेस. हे मला बैठकीतल्या एका आईने सांगितलं आणि मी लगेच वहीत टिपून घेतलं. आपल्याकडे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली, तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात असा नियम झाला. आमच्या बैठकीत बायकांच्या सह्या पुष्कळ असत, आवाज मात्र सरपंचांच्या पुतण्याचा. इथे कायद्याची जबरदस्ती नाही, तरी बैठकीला मोजून पंधरा-वीस माणसं आणि त्यातले पुरुष दोन. म्हणजे माणसं गोळा करायची रड दोन्हीकडे सारखीच.

फरक पुढे दिसला. खजिनदार बाईंनी भिंतीवर हिशोब लावला. मागच्या वर्षीची शिल्लक, प्रत्येक कार्यक्रमाची जमा, खर्च, आणि पुढे पैसे कशाला जाणार ते. सहलीच्या बसेस, जादूचे किंवा विज्ञानाचे प्रयोग दाखवणारे पाहुणे, पाचवीचा निरोप समारंभ, प्रत्येक शिक्षकाला वर्गासाठी थोडी रक्कम. मग सूचक, अनुमोदक, हात वर, मंजूर. प्रोसिडिंग तिथल्या तिथे लॅपटॉपवर. मी लोकवर्गणीतून शाळेला कंपाउंड आणि पाण्याची टाकी करून घेतलेली बाई आहे, पावती पुस्तकाचा प्रत्येक स्थळप्रतीचा कागद सांभाळून ठेवायची मला सवय. तरी गावापुढे असा हिशोब भिंतीवर लावायची पद्धत मी पाहिली नव्हती. तो केंद्रप्रमुखांना दाखवायचा आणि कपाटात ठेवायचा. या एका गोष्टीसाठी मी शाळेला पैकीच्या पैकी देते, आणि खालची सगळी तक्रार या हिशोबाकडे बघूनच थोडी मवाळ केली आहे.

आता तक्रार. फोटो.

सप्टेंबरमध्ये फोटोचा दिवस असतो. शाळा बाहेरची कंपनी बोलावते, ती पोरांना एका निळ्या पडद्यापुढे बसवते आणि आधीच पैसे मागते. फोटो कसा येणार ते न बघता. पाकिटं ठरलेली: इतके मोठे, इतके छोटे, आणि आपल्याला हवा असतो एकच मोठा, तो एकटा मिळत नाही. तेही चालवून घेतलं असतं. पण अर्जाच्या खाली जादा पैशांत 'टच-अप'ची सोय होती. डाग काढू, त्वचेचा रंग एकसारखा करू, दात पांढरे करू. पोरगं दुसरीतलं! पुढचे दोन दात पडलेले. दात पांढरे करून देतो म्हणे, आधी येऊ तरी द्या. आणि त्वचेचा रंग एकसारखा करायचा म्हणजे कुणासारखा, हे मी लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, "आई, ती खूण करायची नसते, पुढे चल." आम्ही खूण केली नाही. फोटो आला तो मस्त आला, खिडकीसकट. पण सात वर्षांच्या मुलाच्या फोटोखाली असली यादी छापून पाठवणाऱ्यांना मी वर्गात उभं केलं असतं.

दुसरी तक्रार धावण्याच्या कार्यक्रमाची. यासाठीही बाहेरची कंपनी आली होती. उत्साही पोरं, हातात माइक, मोठ्या आवाजातली गाणी. पोरांना सांगितलं की घरच्यांकडून, नातेवाइकांकडून दर फेरीमागे पैसे कबूल करून घ्या. एवढे आणलेत तर रबरी कडं, तेवढे आणलेत तर अंधारात चमकणारी भिंगरी. नातू घरी आला तो थेट विक्रेता होऊन. "आज्जी, तुझ्या बहिणीला इंटरनेट आहे ना?" आणि लिंक कराडला गेली! माझ्या बहिणीने फोन करून विचारलं, "अगं, पोरांना पैशासाठी पळवतायत का तिकडे?" तिला काय सांगणार?

शर्यत मात्र बघण्यासारखी झाली. शर्यत कसली, शाळेमागच्या मैदानाला फेऱ्या. पोरांच्या पाठीवर टी-शर्टला चौकोनांचा तक्ता छापलेला, प्रत्येक फेरीला एक आई जाड मार्करने एक चौकोन भरते. जाडजूड, बारीक, चाकाच्या खुर्चीतला, सगळे धावले, पहिला-दुसरा नंबर नाही, आणि शेवटी सगळ्यांना संत्र्याच्या फोडी. एवढंच केलं असतं आणि पालकांना सरळ सांगितलं असतं की बाबांनो, बसेससाठी इतके कमी पडतायत, तर पैसे आले असते. बैठकीत मी माझ्या इंग्रजीत विचारलं, यातले कंपनीला किती जातात? खजिनदार बाईंनी आढेवेढे न घेता सांगितलं. चांगलाच मोठा घास होता. त्यावर तिथेच चर्चा झाली की पुढच्या वर्षी मार्कर आपलेच आणि संत्रीही आपलीच, मग कंपनी कशाला? ठराव झाला नाही, पण विषय प्रोसिडिंगमध्ये गेला. निम्मं काम तिथेच होतं, हे ज्यांनी बैठका घेतल्यात त्यांना ठाऊक आहे.

पुस्तकांच्या जत्रेला मी जाताना कपाळाला आठ्या घालून गेले आणि तीन दिवस तिथेच रमले. लोखंडी कपाटं चाकांवर येतात, कुलूप काढून दोन्ही दारं उघडली की आत फळ्यांवर पुस्तकं लावूनच असतात. अर्ध्या तासात ग्रंथालयाचं दुकान होतं. पहिल्या दिवशी वर्गावर्गाने पोरं नुसती बघायला येतात आणि हवं त्याची नावं, किमती कागदावर लिहून घरी नेतात. हा कागद मला फार आवडला. पहिलीतल्या पोरांनी चित्रासारखी अक्षरं काढून पुस्तकाचं नाव उतरवलेलं असतं, किंमत मात्र अचूक. विक्रीतला वाटा शाळेला मिळतो; रोख घेतला तर कमी, पुस्तकांच्या रूपात घेतला तर जास्त. नातवाच्या शाळेने पुस्तकं घेतली.

मी गल्ल्यापाशी पिशव्या भरून द्यायला बसले होते. खरी विक्री कशाची, ते तिथे कळलं. सुगंधी खोडरबर, टोकाला बोटाचा आकार असलेली छडी, चॉकलेटसारखा दिसणारा कॅलक्युलेटर. पुस्तकांच्या जत्रेत खोडरबरं का, तर स्वस्त असतात म्हणून, असं उत्तर मिळालं. ते खरंही आहे. ज्याच्या मुठीत दोन-तीन डॉलर आहेत त्याला दुसरं काय घेता येणार? चौथीतली एक मुलगी घोड्यांचं पुस्तक घेऊन आली, नाणी टेबलावर ओतली, पेनी-निकल वेगवेगळ्या ओळींत लावली आणि मोजली. कमी पडली. पुन्हा मोजली, या वेळी मोठी नाणी आधी. गल्ल्यावरच्या बाईंनी काही न बोलता शेजारच्या काचेच्या बरणीत हात घातला. ती बरणी सुट्ट्या पैशांची. ज्यांना सुटे परत नको असतात ते तिच्यात टाकतात आणि ज्यांना कमी पडतात त्यांच्यासाठी त्यातूनच निघतात. मुलीला कळलंसुद्धा नाही, तिला वाटलं आपला हिशोब बरोबर आला. मी पुढचे सगळे दिवस प्रत्येक बापाकडे बघून बरणी पुढे सरकवत होते.

कराडकडच्या माझ्या शाळेत पुस्तकं कपाटात असत आणि कपाटाला कुलूप असे, कारण फाटलं तर तपासणीला उत्तर कोण देणार. पोरांनी पुस्तक निवडायचं असतं, ही गोष्ट मी कागदोपत्री मानत होते. त्या यादीच्या कागदाची पद्धत कुणीही उद्यापासून करू शकेल, दमडी लागत नाही.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी फॉल फेस्टिव्हल झाला. गवताचे भारे, रंगवायला भोपळे, सफरचंदाचा रस, मनगटाला कागदी पट्टा बांधला की सगळे खेळ मोकळे. भोपळा महाग, रस गोड, डोनट मात्र गरम होते म्हणून उत्तम. पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या सजवून त्यातून गोळ्या वाटायचाही प्रकार होता, त्यात कोळ्यांची जाळी जरा फार झाली. पीटीएने विचारलं होतं, कुणाला आपल्याकडचा एखादा खेळ घ्यायचाय का. दसरा नुकताच झाला होता, कोजागरीही होऊन गेलेली. तिथीचा हट्ट न धरता मी म्हटलं, हादगा घेते.

पाट नव्हता. डांबरी मैदानावर रंगीत खडूने मी हत्ती काढला, चांगला दोन पुरुष लांब. पोरांना सांगितलं, भरा. ती मैदानाच्या कडेला पळाली आणि मेपलची पानं ओंजळीने आणून ओतू लागली. लाल पानं पोटात, पिवळी सोंडेत, आणि कान कुणीतरी तपकिरी ओकच्या पानांनी भरला. हातात हात धरून रिंगण झालं. गाणी मराठीतून मी म्हटली, प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द पोरांनी ओरडायचा, एवढंच शिकवलं. कोरियन, गुजराती, तेलुगू, इथलीच गोरी-काळी, सगळी पोरं बोंबलत होती. दोन आयाही रिंगणात शिरल्या, त्यातली एक साताऱ्याची निघाली, ती आधी रडली मग गायली.

अडचण आली खिरापतीची. 'वाटली डाळ' करायचा माझा बेत होता. शाळेचा नियम असा की मुलांना घरचं काही द्यायचं नाही. दुकानातलं, बंद पाकिटातलं, वर घटक छापलेले, आणि शेंगदाणा-काजू औषधालाही नको. कारण रास्त आहे, एका वर्गात तरी अॅलर्जीचं इंजेक्शन जवळ बाळगणारं मूल असतंच. पण सीलबंद खिरापत! शेवटी मनुक्यांच्या चिमुकल्या डब्या आणल्या आणि कापडाखाली झाकून खुळखुळवल्या. ओळखा. "पिझ्झा!" पिझ्झा खुळखुळतो का रे? "लेगो!" "पाऊस!" पाऊस म्हणणाऱ्या पोरीला मी दोन डब्या दिल्या, नियमात बसत नसताना.

फेस्टिव्हलला माझे शंभरपैकी नव्वद. दहा भोपळ्याच्या किमतीचे कापले.

ऑक्टोबर अखेरीस रेड रिबन वीक असतो, अमली पदार्थांविरुद्ध. १९८५ साली मेक्सिकोत मारल्या गेलेल्या एन्रिके कामारेना या अमेरिकी अधिकाऱ्याच्या आठवणीत सुरू झालेला. शाळेत त्याचं रूप असं: सोमवारी विचित्र मोजे, मंगळवारी टोपी, बुधवारी झोपायचे कपडे. मी नातवाला विचारलं, हे कशासाठी? म्हणाला, "मज्जा." खरं बोलला. पायजम्याने व्यसन कसं हरतं ते मला कुणी समजावून दिलं नाही. दुसरीतल्या मुलांना तो विषय सांगायचाच नसेल तर मोज्यांना मोजे म्हणावं, इतकंच.

आणखी एक गोष्ट, जिचा मी शेरा देत नाही. या राज्यात दर महिन्याला एकदा आगीचा आणि एकदा सुरक्षेचा सराव कायद्याने घ्यावा लागतो. सुरक्षेचा म्हणजे कुणी बंदूक घेऊन आत आलं तर काय करायचं, अशा प्रसंगांचा. सराव झाल्यावर घरी दोन ओळींचा संदेश येतो. बातमीपत्रात तो भोपळ्यांच्या फोटोच्या वरच होता. नातू म्हणाला, आम्ही दिवे बंद करून कोपऱ्यात बसतो आणि बोलायचं नाही, मी खूप छान गप्प बसलो.

२०२४ साली हॅलोवीन आणि नरक चतुर्दशी एकाच दिवशी आली, ३१ ऑक्टोबरला. पहाटे उटणं, तेल, कारीट नाही म्हणून पायाखाली लिंबाची फोड, आणि साडेआठला तोच मुलगा शार्क होऊन शाळेत. पोशाखाचे नियम छान होते: मुखवटा नको, शस्त्र नको, रक्त नको. पोरं इमारतीभोवती फेरी मारतात आणि आईबाप फोन उंच धरून कुंपणाशी उभे. शंभर एल्सा, शंभर स्पायडरमॅन, आणि मधे पेशवाई पगडी घातलेला एक छोटा, ज्याला सगळे शेफ समजत होते. ज्यांच्या घरी हा सण करत नाहीत त्या मुलांसाठी ग्रंथालयात वेगळा तास होता, त्याचा गाजावाजा न करता. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी आमच्या शाळेला दिवाळीची सुट्टी. नदीपलीकडे न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनाही त्या वर्षी पहिल्यांदाच ती मिळाली. बातमीपत्रातला दिवाळीचा मजकूर मात्र कुठून तरी उचललेला, 'प्रकाशाचा सण' छापाचा. पुढच्या वर्षी लेकीला सांगणार आहे, तूच लिहून दे, नाहीतर दर वर्षी तीच पणती येईल.

सगळ्यात मजा आली ५ नोव्हेंबरला. अध्यक्षाची निवडणूक, शाळेची व्यायामशाळा हेच मतदान केंद्र, पोरांना सुट्टी. आयुष्यभर मी निवडणूक ड्यूटी केली, पेट्या सांभाळत वर्गातल्या बाकांवर झोपले. इथे शिक्षकांना ड्यूटी नाही, टेबलापाशी माझ्याच वयाच्या बायका-पुरुष बसलेले, आणि दाराबाहेर पीटीएचं खाऊचं टेबल. महाराष्ट्रात २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं, माझ्या जुन्या सहकाऱ्यांना आदेश हातात पडत होते. मी त्यांना फोटो पाठवला तर एकीचं उत्तर आलं, "बाई, तिथेही सुटका नाही का?"

मोठ्यांसाठीच्या टेबलावर घरचं चालतं, फक्त वर काय काय घातलंय ते लिहायचं. मी फराळातल्या शंकरपाळ्या छोट्या पिशव्यांत भरल्या, वर चिठ्ठी लावली: मैदा, तूप, दूध, साखर. दोन डॉलरला पिशवी. एक म्हातारे गृहस्थ मत देऊन बाहेर आले, एक पिशवी नेली, गाडीपर्यंत गेले आणि परत येऊन उरलेल्या चारही नेल्या. त्या दिवसाचा हिशोब पुढच्या बैठकीत भिंतीवर लागेल, त्यात शंकरपाळ्यांची ओळ वेगळी लावा असं मी सांगून ठेवलंय.

इकडे येणाऱ्या आजी-आजोबांसाठी शेवटचं. घरात बसून टीव्ही बघू नका, शाळेत मदतीला माणसं कमीच पडतात आणि भाषेचं फारसं अडत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या बातमीपत्रात स्वयंसेवकांचा अर्ज असतो, तो लेकीकडून भरून घ्या. पैशाचं कुठलंही काम घेतलंत तर मोजून घ्या, मोजून द्या, सही घ्या. ती माणसं हसतील, हसू द्या. थंडीचा कोट आतच न्या, बाहेर टांगलात तर हरवलेल्या जॅकेटांच्या त्या ढिगाऱ्यात जाईल. आणि पासपोर्ट जवळ ठेवा. फाटकाशी ऑफिसातलं यंत्र ओळखपत्र वाचून छातीवर लावायची चिठ्ठी काढून देतं, आणि त्याला आधार कार्ड वाचता येत नाही.